बी.आर्क. झालं, आता एम.आर्क. करायचं का? दोन वर्षांत नेमकं काय शिकवतात?

विरार पश्चिमेला बोळिंजमध्ये म्हाडाच्या कोकण मंडळाने हजारो घरं बांधली. उंच इमारती उभ्या राहिल्या, सोडती निघाल्या, तरी बरीच घरं वर्षानुवर्षं विक्रीविना पडून राहिली. शेवटी म्हाडाला ती ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ या तत्त्वावर विकायला काढावी लागली.

अशा इमारतीचे नकाशे करायला बी.आर्क.चं शिक्षण पुरतं. पण घरं तयार असूनही माणसं राहायला का आली नाहीत? पाण्याचा, स्टेशनपासूनच्या अंतराचा, आजूबाजूच्या खासगी इमारतींच्या भावाचा त्यात वाटा किती? पुढची वसाहत आखताना काय बदलायला हवं? असे प्रश्न घेऊन दोन वर्षं बसायचं असेल, तर त्या अभ्यासाचं नाव आहे एम.आर्क., म्हणजे मास्टर ऑफ आर्किटेक्चर.

वसई-विरार पट्ट्यातली बरीच मुलं आता आर्किटेक्चरला जातात. पाच वर्षांनी पदवी हातात आली की घरात पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘आता मास्टर्स करणार ना?’ उत्तर देण्याआधी ही पदवी कशी चालते ते समजून घेऊ.

आर्किटेक्ट व्हायला एम.आर्क. लागतं का?

नाही. आपल्याकडे आर्किटेक्टचा व्यवसाय १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याखाली येतो. मान्यताप्राप्त कॉलेजातून पाच वर्षांचं, म्हणजे दहा सत्रांचं बी.आर्क. केलं की ‘कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर’कडे नोंदणी करता येते. या नोंदणीशिवाय नावापुढे ‘आर्किटेक्ट’ लावता येत नाही. ती झाली की स्वतःचं ऑफिस थाटायला एम.आर्क.ची अट नाही.

इंटरनेटवरची माहिती वाचून इथेच गोंधळ होतो. ब्रिटनमध्ये आधी साधारण तीन वर्षांची पदवी, मग दोन वर्षांचं एम.आर्क. आणि त्यानंतर शेवटची व्यावसायिक परीक्षा, अशी पायरी असते. तिथे एम.आर्क. हा आर्किटेक्ट होण्याच्या वाटेचाच भाग आहे. अमेरिकेत दुसऱ्याच विषयात पदवी घेतलेला विद्यार्थीही तीन-साडेतीन वर्षांचं एम.आर्क. करून या व्यवसायात येऊ शकतो. भारतात ही पदवी आर्किटेक्ट झाल्यानंतर एका विषयात खोल जाण्यासाठी आहे. त्यामुळे परदेशातल्या कुणाचा व्हिडिओ पाहून ‘एम.आर्क. केलंच पाहिजे’ असं ठरवू नका.

मग शाखा कोणत्या?

बी.आर्क. सगळ्यांचं जवळपास सारखं असतं. एम.आर्क.ला मात्र आधी शाखा निवडावी लागते. प्रत्येक शाखा काय करते, हे आपल्याच तालुक्यातल्या उदाहरणांवरून पाहू.

• अर्बन डिझाइन : एका इमारतीऐवजी रस्ता, स्टेशन परिसर, बाजार, मोकळ्या जागा यांचा एकत्र विचार. विरार स्टेशनबाहेर रिक्षा, फेरीवाले, बस आणि पायी चालणारे यांना जागा कशी वाटून द्यायची, हा या शाखेचा प्रश्न.

• कॉन्झर्व्हेशन, म्हणजे वारसा जतन : १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकलेला वसईचा किल्ला, किंवा १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केलेला नालासोपाऱ्याचा स्तूप. अशा वास्तूंची नोंद कशी करायची, दुरुस्तीत चुना कुठे वापरायचा, भोवतालच्या वस्तीचं काय करायचं, हे इथे शिकतात.

• लँडस्केप आणि पर्यावरण : जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले आणि लोकल बंद पडल्या. पाणी कुठून येतं, कुठे मुरायचं आणि आता का मुरत नाही, हे शोधायला जमिनीचा उतार, नाले, मिठागरं आणि वसईच्या वाड्यांना पाणी देणारी बावखलं वाचता यावी लागतात.

• प्रोजेक्ट मॅनेजमेंट : बांधकामाचा खर्च, वेळ, करार आणि कंत्राटदार यांचं नियोजन.

एक महत्त्वाची गोष्ट. नगररचनाकार व्हायचं असेल, तर त्यासाठी एम.प्लॅन. ही वेगळी पदवी आहे. अर्बन डिझाइन आणि प्लॅनिंग यांची नावं जवळची वाटतात, पण अभ्यास वेगळा आहे. फॉर्म भरण्याआधी हा फरक लक्षात घ्या.

चार सत्रं कशी जातात?

पूर्णवेळ एम.आर्क. दोन वर्षांचं, म्हणजे चार सत्रांचं. तपशील विद्यापीठागणिक बदलतात, पण सांगाडा साधारण असा असतो.

पहिल्या सत्रात शाखेचा पाया : सिद्धांत, इतिहास, संशोधन पद्धती आणि पहिला स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे एखादी खरी जागा घ्यायची, तिथे जाऊन मोजमापं घ्यायची, लोकांशी बोलायचं आणि मग प्रस्ताव मांडायचा. सगळ्यात जास्त वेळ यातच जातो.

दुसऱ्या सत्रात स्टुडिओची जागा मोठी होते, प्रश्न गुंतागुंतीचे होतात आणि ऐच्छिक विषय येतात.

तिसऱ्या सत्रात बऱ्याच ठिकाणी प्रबंधिका असते, म्हणजे एका प्रश्नावर लिहिलेलं संशोधन. काही अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाचा अनुभवही याच सुमारास येतो.

चौथं सत्र प्रबंधाचं. विषय तुमचा, मार्गदर्शक कॉलेजचा. मधूनमधून परीक्षकांपुढे काम मांडावं लागतं आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकासमोर तोंडी परीक्षा होते. बी.आर्क.च्या प्रबंधात ‘काय बांधलंस?’ हा मुख्य प्रश्न असतो. इथे त्याआधी ‘हाच प्रश्न का घेतलास आणि पुरावा काय?’ असं विचारतात. चांगलं ड्रॉइंग करणारी मुलं अनेकदा इथेच अडखळतात, कारण लिहायची सवय नसते.

प्रवेश कसा मिळतो?

मान्यताप्राप्त बी.आर्क. हवं. महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्ष एम.आर्क.साठी केंद्रीभूत प्रवेश फेऱ्या घेतो. दुसरा रस्ता गेटचा. त्यात ‘आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग’ असा स्वतंत्र पेपर असतो आणि त्याचे गुण तीन वर्षं चालतात. दिल्ली आणि भोपाळच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर किंवा आयआयटी रुरकीसारख्या संस्थांत जायचं असेल, तर गेट द्याच.

विरारजवळ शिरगावला विवा स्कूल ऑफ आर्किटेक्चरमध्ये बी.आर्क. करता येतं. एम.आर्क.साठी मुंबईत प्रभादेवीची रचना संसद आणि जुहूची कमला रहेजा विद्यानिधी ही अर्बन डिझाइन आणि वारसा जतनासाठी ओळखली जाणारी नावं. पुण्यात मुलींसाठी भानुबेन नानावटी कॉलेज आहे, तिथे लँडस्केप आणि पर्यावरणाच्या शाखा आहेत. मुंबईची दोन्ही कॉलेजं पश्चिम रेल्वेच्या वाटेवर आहेत, त्यामुळे घरून ये-जा जमते. पण स्टुडिओचं काम रात्रीपर्यंत चालतं, तेव्हा विरार लोकलचा हिशेब आधीच करा.

मग करायचं की नाही?

काही वाटांवर एम.आर्क. लागतंच. आर्किटेक्चर कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर बी.आर्क.सोबत एम.आर्क. आणि कामाचा अनुभव मागतात. पीएच.डी.ची नेहमीची वाटही इथूनच जाते. वारसा जतन किंवा लँडस्केपमध्ये काम करायचं असेल, तर ही पदवी उपयोगी पडते. पण घरं, बंगले, इंटिरियरची कामं करायची असतील, तर ती दोन वर्षं चांगल्या ऑफिसात घालवणं अनेकांसाठी जास्त फायद्याचं ठरतं. ‘नोकरी मिळत नाही म्हणून मास्टर्स’ हे कारण सगळ्यात महागात पडतं. फी जाते आणि दोन वर्षांचा पगारही बुडतो.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी तपासा. कॉलेजच्या त्या शाखेला कौन्सिलची मान्यता आहे का, ते कौन्सिलच्या वेबसाइटवर पाहा. खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर पाहा. शिष्यवृत्तीला तुम्ही पात्र आहात का, ते महाडीबीटी पोर्टलवर पाहा.

आणि शेवटची चाचणी घरबसल्या करता येते. एक कोरा कागद घ्या आणि दोन वर्षं ज्याच्या मागे लागायला आवडेल असा, आपल्या गावातला एक प्रश्न त्यावर लिहा. बोळिंजची रिकामी घरं असोत, बुजवलेलं बावखल असो की किल्ल्याची ढासळती भिंत. प्रश्न सुचला तर शाखाही त्यातून कळेल. नाहीच सुचला, तर वर्षभर नोकरी करा आणि मग पुन्हा कागद घ्या. बी.आर्क.ची पदवी कुठे जात नाही.