नाव बदललं, फोटोचं काय?

2024 मध्ये अहमदनगर जिल्हा अहिल्यानगर झाला. कंपन्यांच्या वेबसाइटवरच्या जुन्या फोटोंचे कीवर्ड मात्र 'अहमदनगर'च राहिले, तर नव्या नावाने शोधताना ते सापडणार कसे? फोटोच्या नोंदीत दोन्ही नावं हवीतच. तिथल्या चांदबीबी महालाचंही तसंच: ती खरी सलाबतखानाची कबर, पण लोक शोधतात महालाच्या नावाने.

त्याहून महत्त्वाचा परवाना. पैसे मोजून घेतलेला स्टॉक फोटो आपल्या मालकीचा होत नाही. मिळते ती वापराची मुभा, तीही अटींसकट. विकिमीडिया कॉमन्सवरचे फोटो फुकट मिळतात, तरी बहुतेकांखाली छायाचित्रकाराचं नाव द्यावंच लागतं. भारतात छायाचित्राचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं टिकतो. म्हणून फोटो अपलोड करतानाच छायाचित्रकार, परवान्याचा प्रकार, मुदत आणि पावती त्याच नोंदीत भरावी.