आंतरसांस्कृतिक संज्ञापन

भिन्न संस्कृतींत वाढलेल्या व्यक्तींमध्ये बोलण्यातून, हावभावांतून व मौनातूनही होणारी अर्थाची देवघेव. भाषा अवगत नसल्यास अडचण लगेच ध्यानी येते व दुभाष्याच्या साहाय्याने तिचे निवारणही होते. भाषा समान पण बोलण्याचे संकेत भिन्न असतील, तर गैरसमज अधिक चिवट ठरतो. कारण हे संकेत बालपणापासून अजाणता आत्मसात केलेले असतात आणि त्यांतील फरकाचे खापर समोरच्याच्या स्वभावावर फोडले जाते.

या विषयाच्या अभ्यासास अमेरिकन मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टी. हॉल (१९१४–२००९) याच्या द सायलेंट लँग्वेज (१९५९) या ग्रंथाने चालना दिली. शब्दांपेक्षा प्रसंगावर व नात्यावर अधिक विसंबणाऱ्या संस्कृती आणि सर्व काही शब्दांत मांडणाऱ्या संस्कृती, असा भेद त्याने पुढे बियाँड कल्चर (१९७६) मध्ये केला. हा भेद सोयीचा असला, तरी ढोबळ आहे.

मैत्रीच्या संकेतांविषयी कुर्ट लेव्हिन (१८९०–१९४७) या जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या मानसशास्त्रज्ञाचे १९३६ मधील विवेचन आजही उद्‌बोधक आहे. त्याच्या मते अमेरिकन माणूस अनोळखी व्यक्तीशी चटकन मोकळा होतो. मात्र हा मोकळेपणा अंतरंगापर्यंत पोहोचतोच असे नाही. जर्मन माणूस बाहेरून अलिप्त राहतो. साहजिकच एकाला दुसरा तुसडा, तर दुसऱ्याला पहिला उथळ वाटतो. आभाराचेही असेच आहे. जिवलग मित्राचे शब्दांनी आभार मानणे मराठी भाषकांत पुष्कळदा परकेपणाचे वाटते. इंग्रजी भाषकांत ते न मानणे असभ्य ठरते.

कामाच्या ठिकाणचे सर्वांत बोलके उदाहरण जॉन गंपर्झ (१९२२–२०१३) या भाषाशास्त्रज्ञाने नोंदविले आहे. ब्रिटनमधील एका मोठ्या विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात नव्याने लागलेल्या भारतीय व पाकिस्तानी स्त्रिया उर्मट आणि असहकारी आहेत, अशी तक्रार होती. वस्तुतः त्या फार थोडे बोलत. मांसाचा पदार्थ घेणाऱ्यास ‘ग्रेव्ही’ हवी का, हे विचारताना ब्रिटिश वाढपिणी तो एकच शब्द सूर चढवून उच्चारीत. या स्त्रिया सूर उतरवून. त्यांच्या दृष्टीने तो रीतसर प्रश्नच होता. ऐकणाऱ्यास मात्र त्यात ‘घ्यायची तर घ्या’ अशी बेपर्वाई जाणवे. आपल्याशी भेदभाव होतो, असे या स्त्रियांनाही वाटत होते. ध्वनिमुद्रणे ऐकवून चर्चा घडविल्यावर फरक उमगला.

याच गंपर्झने रॉबर्ट विल्सनसमवेत सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील भाषाव्यवहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला होता (१९७१). तेथे मराठी, कन्नड व उर्दू यांची वाक्यरचना दीर्घ सहवासाने इतकी जवळ आली होती, की एका भाषेतील वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येई. शब्द तेवढे वेगळे राहिले. विमानतळावर याच्या नेमके उलट घडले : शब्द एक, रीत निराळी.

गंपर्झच्या मांडणीवर आक्षेपही आहेत. सिंग, लेले व मार्तोहार्दजोनो यांनी १९८८ मध्ये असे दाखवून दिले, की अशा प्रसंगी दोन्ही पक्षांचे बळ सारखे नसते. सर्व दोष सुरावर टाकल्यास वर्णभेद व सत्ता यांचा प्रश्न बाजूला पडतो, आणि बोलण्याची रीत बदलण्याचा भार बहुधा दुर्बल पक्षावरच येतो.