कोकण रेल्वे शंभरपट लहान केली तर?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडलेला डोंगर, त्याला पाडलेला बोगदा आणि त्यातून डोकावणारी आगगाडी आपण सर्वांनीच पाहिली आहे. प्रतिकृती सुबक असते, मुलांनी मेहनतही घेतलेली असते. पण ‘ही खऱ्या रेल्वेच्या किती पट लहान आहे?’ असे कोणी विचारले, तर उत्तर बहुधा मिळत नाही. डबे एका प्रमाणात, पूल दुसऱ्या, तर झाडे तिसऱ्याच प्रमाणात असतात. अशी वस्तू शोभेची असते. तिच्यातून विज्ञान शिकता येत नाही.

लघुरेल्वेचा छंद नेमका याच प्रश्नापासून सुरू होतो. फळीवर रूळ, स्टेशन, पूल, डोंगर यांची ठरावीक प्रमाणात मांडणी करायची आणि तिच्यावर छोट्या विजेच्या गाड्या चालवायच्या, असा हा छंद. या मांडणीला लेआउट म्हणतात. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथला लेआउट १:८७ या प्रमाणातला, म्हणजे सर्व वस्तू खऱ्यापेक्षा ८७ पट लहान. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्गही त्याच वर्षी, २६ जानेवारी १९९८ रोजी, खुला झाला. रत्नागिरीच्या शिक्षकांना तर नमुना दारातच आहे. या मार्गावरचा तुकडा घेऊन लेआउट करायचा झाला, तर काय काय प्रश्न पडतात ते आपण पाहू.

प्रमाण कोणते घ्यावे?

जगात सर्वांत जास्त चालणारे लघुरूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात. या अंतराला ८७ ने गुणले तर १४३५ मिलिमीटर येतात. हे युरोप-अमेरिकेतले प्रचलित गेज आहे. आपले ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटरचे. १:८७ प्रमाणात ते १९.३ मिलिमीटर व्हायला हवे. म्हणजे बाजारातल्या रुळांवर १:८७ प्रमाणातला भारतीय डबा ठेवला, तर रूळ डब्याच्या मानाने अरुंद दिसतात.

अशी तडजोड नवी नाही. ब्रिटिश इंजिने आकाराने लहान; त्यांच्या १:८७ प्रतिकृतीत त्या काळची मोटर मावत नसे. म्हणून तिथल्या कारखानदारांनी इंजिन १:७६ प्रमाणात केले आणि रूळ १६.५ मिलिमीटरचेच ठेवले. ही विसंगती तिथे आजही चालू आहे.

आपल्याला मात्र सोपी वाट आहे. १६७६ ला १६.५ ने भागा. उत्तर येते सुमारे १०२. मग प्रमाण सरळ १:१०० घ्यावे! रुळांतला फरक पाव मिलिमीटरहून थोडा जास्त उरतो. तो डोळ्याला कळत नाही. शिवाय गणित एकदम सोपे होते. खऱ्या जगातला एक मीटर म्हणजे आपला एक सेंटिमीटर.

आता कोकण रेल्वे मोजू. आजचा नव्या बनावटीचा, म्हणजे एलएचबी, डबा सुमारे साडेतेवीस मीटर लांब. आपला साडेतेवीस सेंटिमीटर. रत्नागिरी आणि निवसर यांच्यामधला पानवलचा पूल ४२४ मीटर लांब आणि ६४ मीटर उंच. आपला ४ मीटर २४ सेंटिमीटर लांब आणि ६४ सेंटिमीटर उंच. उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर. आपला ६५ मीटर. प्लायवूडचा आठ फूट बाय चार फुटांचा तक्ता घेतला, तर तो खऱ्या जमिनीच्या जेमतेम २४० मीटर गुणिले १२० मीटर तुकड्याएवढा. बावीस डब्यांची गाडी लांबीलाही त्यात मावणार नाही.

म्हणजे काही तरी सोडावे लागणार हे उघड आहे. काय सोडावे आणि काय सोडू नये, हे ठरवताना विज्ञान कामाला येते.

वळण आणि चढ

कोकण रेल्वेची आखणी ताशी १६० किलोमीटर वेग डोळ्यांपुढे ठेवून झाली. त्यासाठी वळणाची त्रिज्या १२५० मीटरपेक्षा कमी घ्यायची नाही आणि चढ १५० त १ पेक्षा तीव्र ठेवायचा नाही, असे ठरले. सह्याद्रीच्या पायथ्याशी हे नियम पाळायचे म्हणूनच इतके बोगदे आणि इतके पूल बांधावे लागले.

१२५० मीटरचे आपले होतात साडेबारा मीटर. चार फुटी तक्त्यावर मात्र ४५ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या त्रिज्येचे अर्धवर्तुळ नीट बसत नाही. हे वळण अठ्ठावीस पट तीव्र झाले! मग गाडी बाहेर फेकली जाईल काय? गणित करून पाहू. वळणावर लागणारे त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. खरी गाडी ताशी १२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३३.३ मीटर वेगाने १२५० मीटरच्या वळणावर असेल, तर हे त्वरण ०.८९ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. आपली गाडी सेकंदाला ३३.३ सेंटिमीटर वेगाने ४५ सेंटिमीटरच्या वळणावर असेल, तर ते फक्त ०.२५ येते. वळण इतके तीव्र असूनही त्वरण खऱ्यापेक्षा कमीच! म्हणून लघुरेल्वेत बाहेरचा रूळ उंच करावा लागत नाही. तो कोणी केलाच, तर केवळ दिसण्यासाठी.

अडचण दुसरीकडे येते. डब्याखाली चार-चार चाकांच्या दोन गाड्या असतात. रेल्वेत बोगी म्हणतात ती यांना. बोलताना आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. या दोन बोगींच्या मध्यांतील अंतर खऱ्या डब्यात १४.९ मीटर असते. बोगी वळणावर राहतात, पण त्यांच्यामधला डबा सरळच असतो. तो वर्तुळाची जीवा होतो. जीवेचा मध्य वर्तुळापासून किती आत येतो, हे दहावीच्या भूमितीने काढता येते : जीवेचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. आपल्या वळणावर हे अंतर सहा मिलिमीटर येते. डब्याची टोके तर नऊ मिलिमीटर बाहेर जातात. खऱ्या वळणावर डब्याचा मध्य फक्त सव्वादोन सेंटिमीटर आत येतो. म्हणून लेआउटवर फलाट वळणावर घेऊ नये. घेतलाच तर रुळापासून लांब ठेवावा. मुलांनी पुठ्ठ्याची पट्टी फिरवून हे अंतर आधी मोजावे.

चढाची गोष्ट याहून वेगळी. चढ म्हणजे गुणोत्तर, आणि गुणोत्तर लहान होत नाही. १५० त १ हा चढ लेआउटवरही १५० त १ च राहतो. एक मार्ग दुसऱ्यावरून न्यायचा, तर विजेची तार आणि पुलाची जाडी धरून रूळ सुमारे आठ सेंटिमीटर उचलावे लागतात. कोकण रेल्वेच्या चढाने त्याला बारा मीटर लांबी लागेल! बोरघाटाच्या ३७ त १ चढाने तीन मीटर लागतील आणि नेरळ-माथेरानच्या २० त १ चढाने एक मीटर साठ सेंटिमीटर. तीव्र चढाची किंमत मात्र मोजावी लागते. बोरघाटात गाडीला ढकलायला जादा इंजिने लावतात. आपले इंजिनही चार डबे घेऊन चढताना घसरू लागते. कोकण रेल्वेच्या अभियंत्यांनी इतका सौम्य चढ का धरला, हे मुलांना पुस्तकाविना कळते.

वजन सर्वांत जास्त फसवते

लांबी शंभरपट कमी झाली, की क्षेत्रफळ दहा हजारपट आणि घनफळ दहा लाखपट कमी होते. वजन घनफळाबरोबर जाते. चाळीस टनांचा डबा चाळीस ग्रॅमचा होतो. १२३ टनांचे विजेचे इंजिन १२३ ग्रॅमचे. पण छोट्या आसांमधले घर्षण त्याच हिशेबाने कमी होत नाही. म्हणून लघुरेल्वेची इंजिने मुद्दाम जड करतात, कधी चाकांवर रबराची कडीही चढवतात.

याहून महत्त्वाचा मुद्दा पुलाचा. पानवलच्या पुलाचा ६४ सेंटिमीटर उंचीचा खांब साध्या पुठ्ठ्याचा करून पाहावा. तो सहज उभा राहतो, गाडीही पेलतो. ‘पाहा, पूल किती भक्कम!’ असे मुले म्हणतील. इथे शिक्षकांनी थांबवायला हवे. खांबावर येणारा ताण म्हणजे वजन भागिले छेदाचे क्षेत्रफळ. वजन दहा लाखपट घटले, क्षेत्रफळ दहा हजारपटच घटले. म्हणून ताण शंभरपट कमी झाला. हाच पुठ्ठ्याचा खांब, जाडीसकट, शंभरपट मोठा केला, तर स्वतःच्या वजनाने त्याच्यावर शंभरपट ताण येईल. लहान पूल उभा राहिला, यावरून मोठा राहील असे ठरत नाही. प्रदर्शनातल्या कितीतरी प्रतिकृती हीच चुकीची समजूत नकळत पक्की करतात.

मग प्रतिकृतीतून काहीच सिद्ध होत नाही काय? होते. पानवलच्या पुलाची तुळई एका टोकाला टप्प्याटप्प्याने तयार करून खांबांवरून पुढे ढकलत नेली होती. भारतात ही पद्धत इथे पहिल्यांदा वापरली गेली. मेजाच्या कडेवरून फूटपट्टी हळूहळू पुढे सरकवा. अर्ध्याहून जास्त बाहेर गेली, की ती कलंडते. पुढच्या टोकाला हलक्या कागदाचे नाक लावले आणि मागे भरपूर लांबी ठेवली, की कागदाचे टोक पुढच्या खांबावर आधी टेकते आणि पट्टी कलंडत नाही. तोल हा लांबी आणि वजन यांच्या गुणोत्तरांचा खेळ आहे. तो शंभरपट लहान पुलातही तसाच राहतो. प्रतिकृती तोल खरा दाखवते, ताकद नाही.

काळ लहान होत नाही

आपल्या घड्याळाचा सेकंद लेआउटसाठी छोटा करता येत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी पानवलचा पूल सुमारे पंधरा सेकंदांत ओलांडते. आपली गाडी सेकंदाला २८ सेंटिमीटर वेगाने चालवली, तर सव्वाचार मीटरचा पूल ओलांडायला तिलाही पंधरा सेकंदच लागतात. मुले गाडी याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने पळवतात. हातात घड्याळ देऊन वेग मोजायला सांगितले, की गाडी एकदम खरी दिसू लागते.

करबुडे बोगद्याचे कोडेही काळानेच सुटते. ६५ मीटर लांबी कुठून आणणार? पण बोगद्यातली गाडी दिसतच नाही. ताशी ७५ किलोमीटर वेगाने खऱ्या बोगद्यात पाच मिनिटांहून थोडा जास्त वेळ जातो. मग डोंगराखाली एक आडमार्ग ठेवावा, गाडी तिथे पाच मिनिटे थांबवावी आणि दुसऱ्या तोंडाने बाहेर काढावी. लांबी सोडली, वेळ राखली. हा बोगदा झाला तेव्हा देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता. त्याची लांबी पाहणाऱ्याला घड्याळावरून जाणवेल.

विजेचे एक कोडे

लघुगाडीला वीज रुळांतूनच मिळते. सामान्यतः १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह असतो. एक रूळ धन, दुसरा ऋण. जोड उलटे केले, की गाडी उलट चालते. आता मार्गाला फेरा देऊन तो पुन्हा स्वतःलाच असा जोडा, की गाडी तोंड फिरवून त्याच रुळांवर परत येईल. जोडताक्षणी शॉर्ट सर्किट होते. का, ते शोधायला मुलांना लाल आणि निळ्या पेन्सिलीने दोन्ही रूळ कागदावर काढू द्यावेत. सांध्यापाशी लाल रेघ निळीला जाऊन भिडते! उपाय म्हणजे फेऱ्याच्या दोन्ही टोकांना दोन्ही रुळांत बारीक फट ठेवायची आणि त्या तुकड्याला वेगळे बटण द्यायचे.

सुरुवात कशी करावी?

पहिल्याच वर्षी मोटर, सिग्नल यांच्या मागे लागू नये. आधी पानवलचा पूल प्रमाणात करावा. व्हरांड्यात सव्वाचार मीटर अंतरावर दोन मेजे ठेवली, की त्यांची साधारण ७५ सेंटिमीटर उंची पुलाला पुरते. खांब जमिनीवर ठोकळे ठेवून उभे करावेत. भरावाच्या मातीसाठी जांभ्याचा चुरा चहाच्या गाळणीने चाळून घ्यावा. रंग अगदी इथलाच येतो. खडीसाठी बारीक वाळू चालेल, मात्र ती समुद्राची असेल तर धुऊन घ्यावी, नाही तर मिठाने रूळ खराब होतात. प्लायवूडला खालून-वरून रंग द्यावा, म्हणजे पावसाळ्यात ते फुगत नाही.

आणि प्रतिकृतीशेजारी एक तक्ता जरूर लावावा. त्याचे तीन रकाने करावेत : काय प्रमाणात आहे, काय प्रमाणात नाही आणि का नाही. लांबी, उंची, चढ, वळण, वेग, वजन, ताण अशी एकेक राशी घेऊन मुलांनी तो भरावा. प्रदर्शनाच्या परीक्षकांनी गुण देताना पुलाच्या रंगापेक्षा हा तक्ता आधी वाचला, तर मुलांच्या मेहनतीचे चीज होईल.