अंगठ्याची ठेव

मनुष्य आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती सोपवितो, तेव्हा वस्तूबरोबर विश्वासही सोपवितो. आपल्या धर्मशास्त्रकारांनी हे पूर्वीच ओळखले होते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ‘उपनिधी’ या नावाचे एक लहानसे प्रकरण आहे. पेटीत घालून, आत काय आहे हे न सांगता दुसऱ्याच्या स्वाधीन केलेले द्रव्य म्हणजे उपनिधी. ते जसेच्या तसे परत करावे, हा मुख्य नियम. राजाने नेले, दैवयोगाने नष्ट झाले अथवा चोरांनी लांबविले, तर सांभाळणारा दोषमुक्त. परंतु धन्याने मागूनही ठेव दिली नाही आणि मागाहून ती नाहीशी झाली, तर तिचे मोल भरावे व तेवढाच दंडही सोसावा. ज्याने ती स्वेच्छेने वापरून स्वतःचा लाभ साधला, तोही दंड्य. आणि ठेव लाभासह परत करण्यास तो बांधलेला.

हे जुने प्रकरण आज उघडण्याचे कारण असे की, आपण सर्वजण नित्य अशी ठेव परक्यांच्या हाती देत आहो. मात्र ती सोन्यानाण्याची नव्हे, माहितीची. नाव, जन्मतिथी, आधार क्रमांक, बँकेचे खाते आणि सर्वांत शेवटी बोटांचे ठसे! ही ठेव घेणारा पावती देत नाही, आणि ती किती दिवस त्याच्यापाशी राहणार हेही आपण विचारीत नाही.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. जंगलातील खेड्यास बँकेची शाखा बहुधा दूर पडते. तेथे बँकमित्र एक लहानसे यंत्र घेऊन बसतो. आधार क्रमांक सांगावा, बँकेचे नाव सांगावे, यंत्रावर बोट टेकवावे, की खात्यातील पैसे हाती येतात. तेंदूपत्त्याची मजुरी असो की निराधार वृद्धेचे अनुदान असो, त्यासाठी दिवस मोडून तालुक्यास जावे लागत नाही. ही सोय खरी आहे. तिला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. पण पूर्वी सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घेई, तेव्हा त्यातील धोका निरक्षर माणसासही कळत असे. आता कागदच नाहीसा झाला. यंत्रावर शंभर रुपये लिहिले की हजार, हे ज्यास वाचता येत नाही, त्याचा अंगठा आजही कोऱ्या कागदावरच उमटतो.

शिवाय परवलीचा शब्द चोरीस गेला तर बदलता येतो. बोट बदलता येत नाही. आमच्या शेजारच्या तेलंगणात २०१८ साली एक प्रकरण उघडकीस आले. जमिनीच्या दस्तनोंदणीच्या कागदांवरील ठसे उतरवून त्यांच्या कृत्रिम प्रतिकृती करण्यात आल्या व त्यांच्या आधारे सिमकार्डे चालू करण्यात आली. दस्तावर अंगठा देणाऱ्यास याचा गंधही नव्हता.

असे म्हणतील की, हे अडाण्यांपुरते झाले. सुशिक्षितांनी सावध राहिले म्हणजे पुरे. पण तसे नाही. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ साली स्थापन झालेली. ऑगस्ट २०१८ मध्ये चोरट्यांनी तिच्या एटीएम-यंत्रणेत शिरकाव केला. एटीएममधून मागणी आली म्हणजे ती बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जावी आणि तिने होकार द्यावा, असा क्रम असतो. चोरट्यांनी मध्येच आपली बनावट यंत्रणा बसविली; ती प्रत्येक मागणीस परस्पर होकार देऊ लागली. नकली कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले गेले, आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळविले गेले. एकूण हानी ९४ कोटींवर गेली. या प्रकरणी पुण्याच्या न्यायालयाने २०२३ साली अकरा जणांस शिक्षा ठोठावली. आमच्या चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतूनही फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे ३ कोटी ७० लाख रुपये अशाच सायबर चोरीने परक्या खात्यांत गेले. दोन्ही ठिकाणी कुलूप मोडले ते सांभाळणाऱ्याच्या घरचे, ठेवीदाराच्या घरचे नव्हे.

येथेच स्मृतीचा नियम आणि आजचा न्याय वेगळे होतात. ‘चोरांनी नेले’ एवढे उत्तर आता पुरत नाही. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांसही घालून दिलेल्या नियमाचा आशय असा: दोष खातेदाराचा नसून मध्येच तिऱ्हाइताने यंत्रणेत घात केला असेल, आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत त्याने कळविले, तर त्याची हानी शून्य मानावी. त्याच वर्षीच्या २४ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून कलमे टप्प्याटप्प्याने अमलात यावयाची आहेत. माहितीच्या रक्षणात कसूर करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची त्यात तरतूद आहे.

परंतु हा दंड जमा व्हावयाचा तो भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती गेली त्याच्या पदरी त्यातून काही पडत नाही. स्मृतीकार दंड घेत, पण आधी धन्याचे मोल धन्यास देववीत. पैसा गेला तर तो पुन्हा देता येतो. बोटाचा ठसा कोणता न्यायाधीश परत देववील? ज्या ठेवीची भरपाई अशक्य आहे, ती मुळातच हात राखून द्यावी, हाच यातून निघणारा बोध.

त्याची साधने अवघड नाहीत. आधारवरील बोटांच्या ठशांस कुलूप लावून ठेवता येते आणि कामापुरते उघडता येते. केवळ शेवटचे चार अंक दाखविणारी आधारची प्रत मिळते. जेथे ती चालते तेथे पूर्ण प्रत देऊ नये. हयातीच्या दाखल्याच्या निमित्ताने निवृत्तिवेतनधारकास कोणी दूरध्वनीवरून गुप्त अंक विचारील, तर उत्तर न देणे हा उद्धटपणा नव्हे. फसवणूक झालीच, तर लाज बाळगून घरात कुजबुजत न बसता तत्क्षणी १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसा खात्यांतून खात्यांत पळत असतो. जितका विलंब अधिक, तितका तो हाती लागणे कठीण.

एकत्र कुटुंबात वडिलांचा परवलीचा शब्द नातवास, सुनेचा दिरास ठाऊक असणे हे प्रेमाचे लक्षण समजले जाते. पण दुसऱ्याचे पत्र न फोडण्याची मर्यादा याच घरांनी पाळली होती. तीच येथे लागू करावी. त्याचबरोबर, आपल्याकडे धुणीभांडी करणारी बाई अथवा शेतावरचा गडी अनुदान काढावयास जाईल, तेव्हा घरातील एखाद्या शिकलेल्या मुलाने सोबत जावे, यंत्रावरील आकडा मोठ्याने वाचून दाखवावा आणि पावती मागून घ्यावी. ज्या अंगठ्यास अक्षर येत नाही, त्याची राखण करणे हे अक्षर येणाऱ्यांकडे आलेले काम आहे.