एका पक्ष्यासाठी राखलेला माळ

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज येतं. द्राक्षबागायतदारांना हे गाव नानासाहेब काळ्यांचं म्हणून माहीत आहे. ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ हे द्राक्षांचे वाण याच शिवारातून निघाले. पक्ष्यांच्या अभ्यासकांना तेच गाव माळढोकाचं म्हणून ठाऊक आहे. एका गावाच्या नावावर हे दोन्ही लौकिक असावेत याची आधी गंमत वाटते. मग लक्षात येतं की या माळाची सगळी अडचण त्यातच आहे.

माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतला अतिशय वजनदार पक्षी. मोठा नर पंधरा किलोपर्यंत भरतो. विणीच्या काळात तो गळ्याची पिशवी फुगवून उघड्या माळावर उभा राहतो आणि त्याचा घुमारा दूरवर ऐकू जातो. मादी मात्र एकच अंडं घालते, तेही घरटं न बांधता थेट जमिनीवर. गुराचं खूर पडलं, कुत्र्यानं हुंगलं, की ती वीण गेली.

१९७२च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्रासाठी केंद्राची योजना आली आणि नान्नजच्या आसपास काही गट चराईला बंद झाले. हेतू मृद्संधारणाचा आणि चाऱ्याचा होता, पक्ष्याचा विचार कुणी केला नव्हता. पण कुसळी, पवना, मारवेल वर आलं आणि त्या गवतात माळढोक विणीला येऊ लागले. सोलापूरचे हौशी पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी त्यांच्यावर नजर ठेवली, नोंदी केल्या आणि सरकारचा पिच्छा पुरवला. १९७९मध्ये अभयारण्य जाहीर झालं. त्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दुपटीहून जास्त!

आता एवढ्या क्षेत्रात काय काय येतं? सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके, गावं, बाजारपेठा, रस्ते आणि लाखो लोकांची खाजगी शेतं. खरं राखीव गवत होतं ते मूठभर गटांत. बाकीचं अभयारण्य नकाशावर. जमिनीच्या व्यवहारांत, बांधकामांत अडचणी येऊ लागल्या आणि ज्याला आयुष्यात कधी पाहिलं नाही त्या पक्ष्यावर लोकांचा राग बसला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि अखेर क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. माझ्या मते आधीचा आकडा जितका बेहिशेबी, तितकाच उशीर तो दुरुस्त करायला लागला. मधल्या तीस वर्षांत गावांशी जुळू शकलं असतं ते बरंच तुटलं.

या काळात नान्नजला अभ्यासक येत राहिले. पहिले मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे. १९८०च्या दशकात असद रहमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नान्नज, मध्य प्रदेशातलं करेरा, आंध्रातलं रोल्लापाडू अशा ठिकाणी माळढोकामागे दुर्बिणी लावल्या. त्यांना दिसलं ते असं: पक्षी गवतात वीण करतो, पण पोट भरायला शेतातही उतरतो. टोळ, भुंगेरे, बोरं, भुईमूग, सगळं त्याला चालतं. रब्बी ज्वारीचं कोरडवाहू रान हे त्याच्या घराचंच अंगण होतं. म्हणजे माळ वेगळा आणि शेत वेगळं ही विभागणी माणसाची. करेऱ्याचा धडा तर कडूच होता. तिथे संरक्षणात काळवीट वाढले, पिकं खाऊ लागले, गावं विरोधात गेली, माळढोक संपले आणि अलीकडे अभयारण्याची अधिसूचनाही रद्द झाली. नान्नजच्या शिवारातही काळविटांचे कळप ज्वारीत उतरतात. रात्रभर राखण करणाऱ्या शेतकऱ्याला त्यांचं कौतुक सांगायला धीर लागतो.

मग लांडग्याचे अभ्यासक आले. भारतीय लांडग्याला शास्त्रीय नाव मिळालं तेच मुळी दख्खनमधून: मुंबई इलाख्याच्या फौजेतला अधिकारी विल्यम साइक्स याने १८३१मध्ये ते दिलं. पण त्याच दख्खनच्या लांडग्याच्या जगण्याचा नीट अभ्यास व्हायला पुढे दीडशेहून अधिक वर्षं जावी लागली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या वन्यजीवशास्त्र विभागातून सतीश कुमार यांनी १९९०च्या दशकात सोलापूरच्या माळावरच्या लांडग्यावर प्रबंध केला. त्याच विभागाच्या बिलाल हबीब यांनी याच अभयारण्यात काम करून २००७मध्ये आपला प्रबंध पुरा केला.

या कामात शौर्य कमी आणि चिकाटी जास्त. लांडगा दिवसा क्वचितच नीट दिसतो, म्हणून त्याच्या वाटा चालायच्या आणि विष्ठा गोळा करायची. ती उन्हात वाळवायची, पाण्यात भिजवून चाळणीवर धुवायची. खाली उरतात केस, हाडांचे तुकडे, खुराचा एखादा कपचा. केस काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्याच्या आतल्या गाभ्याची आणि वरच्या खवल्यांची नक्षी दिसते. काळविटाची वेगळी, शेळीची वेगळी, सशाची वेगळी. आधी या सगळ्या प्राण्यांच्या केसांचा नमुनासंग्रह तयार असावा लागतो, मग एकेक केस त्याच्याशी ताडून पाहायचा. अशा शेकडो नमुन्यांनंतर कुठे म्हणता येतं की लांडगा काय खातो. नान्नजच्या लांडग्याचं उत्तर होतं काळवीट, ससे, उंदीर आणि मोठ्या प्रमाणात शेळ्या-मेंढ्या. धनगराला हे सांगायला प्रयोगशाळा लागत नव्हती. वाघरीतून मेंढरू उचलून नेलं की त्याला त्याच रात्री कळतं. पण त्याचं म्हणणं आणि प्रबंधाचं म्हणणं जुळतं, याला नुकसानभरपाईच्या कागदांवर मोल आहे.

मला स्वतःला यातलं सर्वांत हुशार काम खोकडाचं वाटतं. कोल्ह्याहून लहान, बिळात राहणारा, झुपकेदार काळ्या टोकाच्या शेपटीचा हा प्राणी. अबी तमीम वनक यांनी अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या पीएचडीसाठी नान्नजला खोकड आणि गावकुत्री यांचा एकत्र अभ्यास केला. कुत्री खात होती मुख्यतः माणसाचं उरलंसुरलं, खोकडं खात होती उंदीर, किडे, बोरं. दोघांच्या ताटांत भांडणाचं कारण नव्हतं. तरीही कुत्री जिथे फिरत तो भाग खोकडं टाळत. मग प्रयोग झाला: अन्न ठेवायचं आणि जवळ कुत्रा असू द्यायचा. कुत्रा समोर असला की खोकड मान वर करून बघत बसे आणि खाणं कमी होई. म्हणजे कुत्र्यानं खोकडाला चावण्याची गरजच नाही, त्याचं असणं पुरतं. पशुवैद्य अनिरुद्ध बेलसरे यांनी याच परिसरातल्या कुत्र्यांच्या आणि खोकडांच्या रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा डिस्टेंपर आणि पार्व्होच्या विषाणूंशी संपर्क आल्याच्या खुणा सापडल्या. गावाच्या कडेचा उकिरडा असा माळाच्या मध्यापर्यंत पोचतो.

पुढे वनक यांनी एम. डी. मधुसूदन यांच्यासोबत देशभरच्या खुल्या निमकोरड्या परिसंस्थांचा नकाशा केला. त्यातून निघालेला हिशेब असा: देशाच्या भूभागाचा जवळपास दहावा हिस्सा असा खुला आहे आणि त्यातला पाच टक्क्यांहून कमी भाग संरक्षित क्षेत्रांत येतो. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशात यातला बराचसा भाग ‘पडीक’ या रंगाखाली जातो. पुण्याच्या आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी हा मुलूख पडीक नसल्याला वेगळीच साक्ष काढली. त्यांनी जुनं मराठी वाङ्मय वाचून त्यात आलेली झाडं तपासली. त्यांतली बरीचशी हिवर, पळस, तरवडासारखी, खुल्या गवताळ मुलखातली निघाली. म्हणजे पश्चिम महाराष्ट्राचे हे माळ जंगल तोडून उरलेले नाहीत, निदान सातशे-साडेसातशे वर्षं ते माळच आहेत. विज्ञानाच्या कामाला ओव्या आणि आख्यानं अशी उपयोगी पडलेली पाहून मराठीच्या प्राध्यापकांनी थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

हे कळेपर्यंत माळावर झाडं लागून गेली होती. नान्नजच्या राखीव गटांत गवताच्या शेजारी ग्लिरिसिडिया आणि कडुनिंबाची लागवड उभी आहे. चांगल्या हेतूनं केलेली, पण लांबवर पाहत उभं राहायची सवय असलेल्या पक्ष्याची दृष्टी अडवणारी. आजही पावसाळ्यात रोपांचं उद्दिष्ट आलं की पहिली नजर रिकाम्या दिसणाऱ्या माळावरच जाते.

त्याहून मोठा बदल शेतात झाला. १९८०च्या सुमारास उजनी धरणाचं पाणी भीमेच्या खोऱ्यात फिरू लागलं, जिल्ह्यात साखर कारखान्यांची रांग लागली, विहिरी-बोअर खोल गेल्या. ज्या रानात मालदांडी ज्वारी उभी असायची तिथे ऊस आला, द्राक्षाचे मांडव आले, विजेच्या तारा आल्या. नानासाहेब काळ्यांसारख्या शेतकऱ्यांच्या कर्तबगारीनं दुष्काळी भागाला जगवलं, याबद्दल कुणी तोंड वाकडं करू नये. पण माळढोकाला मांडवात जागा नाही, आणि जड शरीर घेऊन सरळ उडणाऱ्या या पक्ष्याला समोरची तार वेळेवर दिसत नाही. आता नान्नजच्या गणनेत कधी एखाददुसरा दिसतो, कधी एकही नाही. देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरले, त्यांतले बहुतेक राजस्थानात.

जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात २०१९पासून अंडी उबवून पिल्लं वाढवली जात आहेत, २०२४मध्ये कृत्रिम रेतनातूनही पिल्लू जन्मलं. उद्या त्यांतली काही दख्खनला सोडायची ठरली तर नान्नजचे राखीव गट पुरणार नाहीत. गटाबाहेर, शेतकऱ्याच्या रानात, तूर आणि ज्वारीचे सलग पट्टे लागतील, आणि ते ठेवणाऱ्याला उसाच्या तोडीनं काही हातात पडावं लागेल. तारांवर खुणा लागतील. मार्डी, कारंबा, अकोलेकाटीच्या उकिरड्यांचा आणि कुत्र्यांच्या लसीकरणाचा बंदोबस्त लागेल, आणि ते काम वनखात्याचं नसून ग्रामपंचायतीचं आणि पशुसंवर्धन विभागाचं आहे. ही यादी नवी नाही. नान्नजवरचे प्रबंध आणि शोधनिबंध एकापुढे एक ठेवले तर ती त्यांतूनच तयार होते. फक्त यातलं बहुतेक लिखाण इंग्रजीत आहे आणि त्याची जाड बाडं अलीगढच्या आणि मिसुरीच्या ग्रंथालयांत आहेत.