बाबासाहेबांचे कागद : ताबा म्हणजे मालकी नव्हे

कोर्टात उभे राहणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : मूळ दस्तऐवज हरवला की खरी बाजूसुद्धा लंगडी पडते. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, तरी मूळ कागदाचे मोल कमी झालेले नाही. मग समाजाच्या इतिहासाच्या मूळ कागदांचे काय?

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. त्यांचे कागद आधी दिल्लीच्या उच्च न्यायालयाच्या आणि पुढे महाराष्ट्राच्या महाप्रशासकाच्या ताब्यात गेले. ज्या लेखणीने देशाला जागे केले, तिचे अप्रकाशित लेखन वर्षानुवर्षे पेट्यांत बंद राहिले. ते छापावे म्हणून नागपूरच्या एका वकिलाला उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. १९७६ मध्ये सरकारने प्रकाशन समिती नेमली आणि १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड निघाला. वसंत मून यांचे कष्ट समाज विसरणार नाही. १९८७ मध्ये ‘रिडल्स’वरून गदारोळ उठला, तेव्हा समाज ठामपणे उभा राहू शकला, कारण बाबासाहेबांचे मूळ लेखन हाती होते.

पण खंडांत छापले तेवढेच बाबासाहेब नव्हेत. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत आज मिलिंद म्हणून ओळखले जाणारे महाविद्यालय. सिद्धार्थच्या ग्रंथालयात बाबासाहेबांची स्वतःची पुस्तके आहेत. कोलंबियातले त्यांचे गुरू जॉन ड्युई यांच्या पुस्तकांवर बाबासाहेबांनी कुठे रेघ ओढली, हे अभ्यासकांनी तिथेच पाहिले. त्यांच्या मनात एखादा विचार कसा रुजला, हे त्या रेघा सांगतात. बाजारातली नवी प्रत ते सांगणार नाही.

आणि केवळ बाबासाहेबांचेच कागद मोलाचे का? दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत. प्रवेशाची रजिस्टरे, फीच्या पावत्या, वसतिगृहांच्या नोंदी यांत कोणत्या गावातून, कोणत्या घरातून पहिला पदवीधर निघाला, याचा पुरावा असतो. कारकुनाला ती रद्दी वाटेल. आपल्यासाठी ती गुलामी झुगारल्याची नोंद आहे.

संस्थेच्या कारभाराचे वाद कोर्टात गेले. त्यांचा निकाल कोर्ट करील. परंतु कागद कोणत्याही गटाचे नाहीत. विश्वस्त हा मालक नसतो, राखणदार असतो. म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक जुन्या पुस्तकाची व कागदाची क्रमांकवार सूची करून ती जाहीर करा. प्रत्येक पानाची डिजिटल प्रत काढून एकाहून अधिक ठिकाणी ठेवा. मूळ कागद वाळवी आणि ओलीपासून सांभाळा आणि अभ्यासकांना ठरलेल्या नियमांनी पाहू द्या. खर्चाचा वाटा सरकारने उचलावा.

माजी विद्यार्थ्यांनीही आपल्या घरातल्या ट्रंका उघडाव्यात. जुने ओळखपत्र, प्राध्यापकाचे पत्र, संमेलनाची पत्रिका भंगारवाल्याला देऊ नये. जयंतीच्या मिरवणुकीवर आपण वर्गणी काढतो. एका वर्षीची थोडी वर्गणी या कागदांसाठी काढली, तर पुढच्या पिढीला आपला इतिहास दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागणार नाही.

जयभीम!