वाचतो, वाचीन आणि लेग्गो, लेज्जि

जबलपूरजवळच्या पनागरमध्ये हिंदी शाळेत जाणाऱ्या मराठी घरातल्या मुलाला ‘वाचतो’ कुठे तोडायचं हे शिकवावं लागत नाही. लिहिताना अक्षरं तीन, बोलताना अवयव दोनच: वाच्-तो. हिंदीतलं ‘चलता’ही चल्-ता असंच तुटतं. अडतं ते ‘च’पाशी. ‘वाचतो’मधला च दंततालव्य, दातांजवळ उमटणारा, पण ‘वाचीन’ म्हटलं की पुढच्या ई-मुळे तोच च ‘चिमणी’तल्यासारखा तालव्य होतो. प्रमाण हिंदीत पहिला च नाहीच आणि आपली लिपी दोन्हींना एकच अक्षर देते. मग कान हाच गुरू. ‘जातो’ आणि ‘जेवतो’ यांतल्या ज-चंही तेच.

गंमत अशी, की इटालियनमध्येही वाचण्याचंच क्रियापद असा रंग बदलतं. मी वाचतो: लेग्गो. तू वाचतोस: लेज्जि. ते वाचतात: लेग्गोनो. पुढे इ किंवा ए आला की ग-चा ज होतो. तोड सोपी आहे: द्वित्त मधोमध फुटतं, लेग्-गो, लेज्-जि, आणि आपल्यासारखा मधला स्वर गिळायचा नाही. खरी अडचण आघाताची. लेग्-गो-नो यात आघात पहिल्या अवयवावर असतो, नवशिका मात्र हटकून मधल्यावर देतो. ‘पार्लानो’ (ते बोलतात) म्हणताना जोर ‘पार’वर, तर ‘पार्ल्यामो’ (आपण बोलतो) म्हणताना ‘ल्या’वर. लिखाणात याची खूण बहुधा नसते. म्हणून रूपं पाठ करायची ती मोठ्याने, आघातासकट.